चित्रातून राहून गेलेलं घर

आमचं फ्रेमचं दुकान खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडच्या समोर. पट्टी कापणं, काच बसवणं, खिळे ठोकणं नवऱ्याकडे. गल्ल्यावर आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मी. तो साताऱ्याकडचा, बोलायला महाकंजूष. मी खाडीकाठच्या आगरी गावातली, माझ्या तोंडाला अजून कुणी कुलूप लावलेलं नाही. म्हणून तर दुकान चालतं.

फ्रेमवाल्याकडे येतं काय? देव, डिग्र्या आणि गेलेली माणसं. गेलेल्या माणसांचं एक असतं, घरच्यांना त्यांचा धड फोटो सापडत नाही. मग आधारकार्डावरचा चेहरा मोठा करायचा आणि स्टुडिओवाल्याकडून खाली कोट-टाय चिकटवून घ्यायचा. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस मेल्यावर एकदम मॅनेजर होतो. माझ्या बाबांचंही तेच झालं. आईने तो फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो तुजा बा नाय. ह्यो कोन साहेब हाय, याला मी वलकत नाय." नवऱ्याने बिचाऱ्याने सासऱ्यासाठी म्हणून खास सोनेरी पट्टी वापरली होती. आईने हार घातला, पण तोंड वाकडं करूनच. वर विचारते, "आनि छत्री कुठं हाय त्यांची?" बाबा बाराही महिने छत्री घेऊन फिरायचे. उन्हात उघडी, सावलीत काखेत. आता फोटोत छत्री कुठून आणायची, तुम्हीच सांगा.

तर अशा आमच्या दुकानात एक दिवस कर्नलसाहेब आले. सैन्यातून निवृत्त झालेले, कामोठ्याच्या बाजूला एका सोसायटीत राहणारे. मिशी पांढरी, पाठ अजून सरळ, आणि बोलणं असं की वाक्य संपलं की सलाम ठोकावासा वाटतो. निवृत्त झाल्यावर या माणसाने मोटारसायकल घेतली, मागे रंगांची पेटी आणि घडीचं स्टूल बांधलं आणि देशभर फिरत सुटला. जिथे डोंगर, नदी, गाव दिसेल तिथे बसायचं आणि जलरंगात चित्र काढायचं. ही चित्रं फ्रेम करायला ते आमच्याकडे आणू लागले. नवरा त्यांच्यावर खूष, कारण ते काचेवरून घासाघीस करत नसत. मीही खूष, कारण ते चहा घेत आणि गप्पा मारत.

"सैन्यात हे चित्रकलेचं खूळ कुठून लागलं, साहेब?" मी एकदा विचारलं.

"खूळ नाही, ताई, ड्यूटी होती," ते म्हणाले. "समोर काय आहे ते कागदावर काढायला शिकवायचे आम्हाला. डोंगर, नाला, एकटं झाड. मागून येणाऱ्या तुकडीला त्यावरून सगळं कळलं पाहिजे. तेव्हा शत्रू कुठे बसलाय ते काढायचो, आता डोंगर कुठे बसलाय ते काढतो. नियम तोच. दिसलं ते सगळं काढायचं, नाही दिसलं ते मनाने घालायचं नाही."

त्यांच्या चित्रांत माणूस म्हणून दिसायचा नाही. घरं असायची, होड्या असायच्या, दोरीवर कपडेसुद्धा असायचे, पण माणूस एकही नाही. मी त्याबद्दल छेडलं तर म्हणाले, "माणसं हलतात, ताई. डोंगर हलत नाही."

"आमच्याकडचा हलला, साहेब," मी म्हटलं. त्यांना लगेच समजलं.

कारण ज्याला नवी मुंबईचा विमानतळ म्हणतात, तिथे आमचं गाव होतं. गावाच्या पाठीशी डोंगर होता. डोंगर सुरुंग लावून उडवला, गाव उठवलं, आम्हाला इकडे करंजाड्याला प्लॉट दिले. तेही चिठ्ठ्या टाकून, त्यामुळे जन्माचे शेजारी चार गल्ल्या लांब गेले आणि ज्यांच्याशी बोलणं नव्हतं ते भिंतीला भिंत लावून आले. पैसे मिळाले, घरं पक्की झाली, मुलं शिकली. कुणी रडत बसलेलं नाही, आम्ही रडत बसणारी माणसंच नव्हेत. पण एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. गावाचा फोटो कुणाकडेच नव्हता. लग्नाचे अल्बम होते, बारशाचे होते, क्रिकेटच्या ट्रॉफीबरोबरचे होते, सगळ्यांत माणसांची तोंडं. गावाचा फोटो कोण काढतो? गाव काय कुठे पळून जाणार होतं?

आणि मग त्या दिवशी साहेबांनी जुन्या चित्रांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. "यातली चांगली निवडून द्या, भिंत रिकामी आहे," म्हणाले. मी एकेक कागद उलटत होते. बर्फाचा डोंगर, राजस्थानातली विहीर, कुठलंतरी केरळातलं पाणी. पुढचा कागद आला आणि माझा हात तिथेच थांबला.

"अगो बाय! हा आमचा गाव!"

रिक्षा स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली, एवढ्या जोरात ओरडले मी. डोंगर होता, पुरा, वरच्या खाचेसकट. त्याच्या पायाशी देवळाचा पांढरा कळस, कळसाच्या बाजूला पिंपळ, कौलांची रांग, मध्ये मध्ये नवे स्लॅब, डावीकडे ओहोटीची खाडी आणि तिचा तो चिखल, नुसता चिखल, पण कसला चमकत होता! पुढच्या बाजूला गावची विहीर. अगदी पातळ रंग, फुंकर मारली तर उडून जातील असे. माझे डोळे डोंगरावरून देवळावर, देवळावरून विहिरीवर. तिथून खाली उतरायच्या आधीच ते भरून आले. मी कागद नवऱ्याकडे दिला आणि पदराने तोंड पुसलं.

साहेब म्हणाले, डोंगर जाणार असं ऐकलं होतं, म्हणून जायच्या आधी त्याला भेटून यावं म्हटलं. मी म्हटलं, साहेब, आमचं नवं देऊळ झालंय करंजाड्याला, जत्रा तोंडावर आहे, हे चित्र सभामंडपात लागलं पाहिजे. ते म्हणाले, "घेऊन जा. त्याची जागा तिथेच आहे."

नवऱ्याने जीव ओतून फ्रेम केली. चित्राच्या कडा ओबडधोबड होत्या, जलरंगाच्या असतातच. त्याने चारी बाजूंनी क्रीम रंगाच्या जाड कागदाचा माउंट लावून त्या झाकल्या आणि आत एकदम सुबक चौकोन दिसायला लागला. सागवानी पट्टी, चकाकी न येणारी काच. सासरवाडीचं काम म्हटल्यावर माणूस जरा जास्तच नीटनेटका होतो.

रविवारी आम्ही ते चित्र करंजाड्याला नेलं. देवळात कमिटीची मीटिंग होती. चित्र भिंतीला टेकवलं मात्र, मीटिंग गेली उडत. "ह्यो बग आमचा!" "आगो, आमची पडवी!" "ह्यो पत्रा मी टाकलेला!" काचेवर बोटांचे ठसे उमटायला लागले, नवरा फडकं घेऊन मागे मागे. ज्यांचं प्लॉटच्या चिठ्ठ्यांवरून वाकडं झालं होतं त्या दोन जावा चित्रापुढे एकमेकींना आपापलं परसदार दाखवत होत्या. मी तर कमरेवर हात ठेवून उभी. आख्ख्या गावाला मी गाव परत आणून दिलं होतं, ताठा येणारच.

आई सगळ्यांत शेवटी पुढे आली. गुडघे धरलेले, काठी टेकत. आता आमची आई कोण ते सांगते. ती गावची धवलारीण. आमच्याकडे लग्न म्हटलं की धवले लागतात, मांडवात बसून हळदीपासून पाठवणीपर्यंत गाणी म्हणायची, आणि ती म्हणणारी बाई नसली तर लग्न लागलं असं जुन्या माणसांना वाटतच नाही. त्या चित्रात तुम्ही ज्या घरावर बोट ठेवाल, त्या घरच्या मांडवात आईचा आवाज लागलेला आहे. माणसं बाजूला झाली, तिला जागा दिली. ती वाकली, सावकाश सगळं बघितलं. देवळावरून पिंपळाकडे, पिंपळावरून कौलांकडे, कौलांवरून विहिरीकडे. मग परत पहिल्यापासून.

"माजा घर कुठं हाय गो?" तिने मला विचारलं.

मी पुढे झाले. आमचं घर गावाच्या टोकाला, विहिरीच्या पुढे, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बाजूला. लपणारं घर नव्हे. माझ्या लग्नानंतर बाबांनी कौलं काढून स्लॅब घातला होता आणि वर अजून एक मजला चढवायचा म्हणून सळ्या उभ्याच ठेवल्या होत्या. मजला काही चढला नाही, त्याआधी विमानतळ आला. वर जायला जिनासुद्धा झाला नव्हता, नुसती बांबूची शिडी. बाबाच तेवढे चढायचे. तर असं ते सळ्यावालं घर विहिरीच्या पुढे दिसायला पाहिजे होतं. आणि चित्र विहिरीपाशी संपलं होतं. त्यापुढे माउंट.

कमिटीतला एक जण म्हणाला, "मावशे, टेन्शन नको घेऊस. साहेबांना सांगून एक घर टाकून घेऊ." दुसऱ्याने लगेच जागा शोधली. "वर आकाश सगळं मोकळंच आहे, तिथे गोल करून टाका." आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाचा फोटो राहिला तर असंच करतात, कोपऱ्यात गोल काढून मुंडकं बसवतात आणि रुसवा मिटतो. त्यांच्या मते हाही बॅनरच. ते बिचारे मनापासून सांगत होते.

आई हसली नाही. काठी आपटून सरळ उभी राहिली. "माजा घर नाय त्या चित्रान, तं मीपन नाय या देवलान," म्हणाली आणि चालायला लागली.

हे नुसतं रुसणं नव्हतं. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे देवाला हळद लागते आणि धवले आई म्हणते. तिच्यानंतर म्हणणारी कुणी तयार झालेली नाही. नव्या देवळातली ती पहिली हळद, आणि धवलारीण नाही म्हणते! कमिटीचा जीव टांगणीला लागला. पण मला कमिटीची पडलेली नव्हती. मी आईच्या मागोमाग घरी गेले. ती पलंगावर बसली होती, समोर बाबांचा कोटातला फोटो. म्हणाली, "आज नातवंडांना चित्र दाखवतील, ह्यो यांचा, ह्यो त्यांचा. उद्या कोन तरी बोलल, ही म्हातारी आपले गावची नवतीच." बाबा गाव सोडल्यावर वर्षभरात गेले. भाऊबिऊ मला नाही. ते घर होतं याची साक्ष द्यायला आता आम्ही दोघीच, आणि त्यातली एक कामोठ्यात दिलेली. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो, तो माझा स्वभावच आहे.

चित्र दुकानात परत आणलं आणि मी तडक साहेबांच्या सोसायटीत. दार उघडलं तशी आत शिरून म्हटलं, "साहेब, आमचं घर कुठे गेलं?"

"कुठलं घर?"

"विहिरीच्या पुढचं. विहिरीशी कागद संपवलात तुम्ही. जरा सरकून बसला असता तर काय बिघडत होतं? आख्खा गाव काढलात, एक आमचंच घर जड झालं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, मी काही गाळत नाही. समोर असतं ते सगळं येतं."

"म्हणजे आमचं घर नव्हतंच?"

"समोर नव्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा जन्म त्या घरातला, साहेब! आणि तुम्ही मला सांगता नव्हतं?" नंतर जरा आवाज खाली घेतला, कारण काम माझं होतं. "बरं, जाऊ द्या. आता एका कोपऱ्यात काढून द्या. मी सांगते कसं होतं ते. म्हातारीचं समाधान."

"दुसरं काहीही सांगा," ते म्हणाले. "पण मी पाहिलं नाही ते काढणार नाही. मावशींना खोटं घर देऊन काय समाधान होणार?"

चहा ठेवला होता त्यांनी. मी न पिता उठले. खाडीकाठची बाई घरात केलेला चहा न पिता उठली म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. रिक्षात बसूनही माझं तोंड चालूच होतं. रिक्षावाला म्हणाला, मॅडम, मला बोलताय का?

दुसऱ्या दिवशी आईला गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे आणलं होतं. डॉक्टर यायचे होते, म्हणून दुकानात स्टुलावर बसवलं. चित्र कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून ठेवलेलं. ती तिकडे बघत नव्हती, मीही नाही. आणि साहेब दारात.

मी न बघितल्यासारखं केलं. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. "चित्र बघू," नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने काउंटरवर उभं केलं. साहेबांनी हात लांब केला, अंगठा उभा धरून वरपासून खालपर्यंत मापं घेतली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"माझं चित्र इतकं बुटकं नव्हतं," म्हणाले. "खालचं कुठे आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पट्टीकडे बघायला लागला. "खाली कच्चं काम होतं," पुटपुटला. "विटा, गंजलेल्या सळ्या, कसलंतरी कापड. अर्धवट वाटलं. शोभत नव्हतं, म्हणून माउंटखाली घेतलं. कापलं नाही हां, नुसतं झाकलंय."

"कच्चं काम?" साहेबांचा आवाज असा चढला की पलीकडच्या दुकानातला झेरॉक्सवाला डोकावला. "ती माझी जागा होती! आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. पुढचं काहीही काढा, पण आपण स्वतः कुठे आहोत ते तळाला दाखवा. नाहीतर मागून येणाऱ्याला काय कळणार, कुठून बघितलंय ते?"

सळ्या म्हटल्याबरोबर मी चित्राकडे वळले. "उघड," मी नवऱ्याला म्हटलं. "आधी उघड ते."

त्याने पक्कड घेतली. मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, काच बाजूला ठेवली. आईसुद्धा स्टुलावरून उठून काउंटरला टेकली. त्याने माउंट उचलला.

विहिरीच्या खाली, कागदाच्या तळाला, चार बोटांची एक आडवी पट्टी होती. बिनगिलाव्याच्या विटांचा अर्धवट कठडा. त्यातून वर आलेल्या तांबूस सळ्या. दोन सळ्यांच्या मध्ये वाळत घातलेलं एक हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. आणि विटांवर एक सावली पडलेली, वर छत्रीचा गोल, खाली पाय.

"ह्यो माजा लुगरा," आई म्हणाली.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "मावशी, गावाच्या टोकाचं घर तुमचं? शिडी होती?"

"होती. मी कदी चढले नाय. गुडगे."

"आणि घरधनी?"

आई सावलीकडे बघत होती. साहेबच सांगायला लागले. ते म्हणाले, काल ताई रागावून गेल्या आणि मी विचार करत बसलो की त्या गावात मी नक्की बसलो कुठे होतो. मे महिना होता. बांधावर बसून बघितलं, उन्हाने रंग कागदावर टेकायच्या आत वाळत होता, पांढऱ्या कागदाकडे बघवत नव्हतं. एक गृहस्थ छत्री घेऊन चालले होते. थांबले, बघितलं आणि म्हणाले, इथून काय दिसतंय, माझ्या गच्चीवर चला, आख्खा गाव दाखवतो. स्टूल त्यांनीच खांद्यावर घेतलं, शिडी त्यांनीच धरली. आणि मग सकाळभर माझ्या कागदावर छत्री धरून उभे राहिले. मी म्हटलं, बसा. तर म्हणाले, तुम्ही काम करताय, मी कसा बसू?

"मंडळी कुठे म्हणून विचारलं," साहेब म्हणाले, "तर म्हणाले, ती लग्नाला गेलीय, धवले म्हणायला, तिच्याशिवाय लग्नं लागत नाहीत. मग चहा त्यांनीच केला. रागावू नका मावशी, पण तसा चहा मी पुन्हा कुठे प्यायलो नाही."

आईला एकदम हसू फुटलं. "कसा प्याल! त्यांना चाय येतच नवती. साखर टाकली का नाय, इसरायचे, मंग परत टाकायचे." हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. मी तिला धरलं. ती म्हणाली, "मी आले लग्नावरना, तं सांगत होते, मिल्ट्रीवाला आलता. मी बोलले, मारा थापा. मंग रोज बोलायचे, एक डाव वर ये, आपले गच्चीवरना सगला गाव दिसतंय, तुला दाखवतो. मी बोलले, माजे गुडगे काय तुमचा बाप वर नेल? मना दाखवायचा होता त्यांना. ह्योच दाखवायचा होता."

तिने त्या पातळ गावावरून हात फिरवला, कागदाला न लावता, वरूनच. डोंगर, देऊळ, पिंपळ, विहीर. आमच्या घरातून दिसणारं आख्खं गाव, जे तिने एकदाही असं बघितलेलं नव्हतं. घर चित्रात कसं येणार? चित्र काढणारा घरावरच बसला होता. आणि आम्ही सगळे शहाणे बोटं लावून आपापलं छप्पर शोधत होतो, चित्र कुठून बघितलंय हे विचारायचं एकाला सुचलं नाही.

मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही तर माणसं काढत नाही ना? माणसं हलतात ना?"

"हे हलले नाहीत, ताई," साहेब म्हणाले. "सकाळभर हलले नाहीत."

मग मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि कालचा धरून दोन कप पाजले. माफीबिफी मला मागता येत नाही. त्यांना ते कळलं असावं, दोन्ही प्यायले. नवरा तोवर नवीन माउंट कापायला बसला होता. मान खाली, कान लाल. मी त्याला काही बोलले नाही. म्हणजे तेव्हा नाही बोलले.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी चित्र सभामंडपात लागलं, चारी कडांसकट. आईने हिरवं लुगडं नेसलं होतं, ते चित्रातलं नव्हे, ते केव्हाच विरलं, पण तसंच, तांबड्या काठाचं. साहेब पहिल्या रांगेत, पाठ सरळ. हळदीचं ताट आलं, बायका गोल करून बसल्या आणि नेहमीप्रमाणे आधी थट्टा सुरू झाली. आमच्या जुन्या शेजारणीने चित्राकडे बोट केलं. "आगो, सगल्यांची घरा कशी पुरी आलीत, कौलांसकट. तुजा तं नुसता विटांचा तुकडा नि लुगरा!"

सगळ्या हसल्या. माझ्या जिभेवर उत्तर आलंच होतं, पण आईने मला हाताने थांबवलं. तिने हळदीत बोट बुडवलं, देवाला लावलं, घसा साफ केला. आणि धवला उचलायच्या आधी मान वळवून, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा तिच्या त्या आवाजात शेजारणीला म्हणाली,

"तुमची नुसती घरा हायत गो. माजे घरान मानूस हाय."